अंकगणित शिकविणारे नामदार : गोपाळ कृष्ण गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव घेतले की महात्मा गांधींचे राजकीय गुरू, भारत सेवक समाजाचे संस्थापक आणि नेमस्त पक्षाचे नेते ही त्यांची ओळख प्रथम समोर येते. देशातील बहुतेक भाषांतील शालेय पुस्तकांत ते याच रूपाने भेटतात. मात्र राजकारणात देशभर नाव होण्यापूर्वी गोखले यांनी पुण्यात अनेक वर्षे शाळेत आणि महाविद्यालयात अध्यापन केले. शालेय विद्यार्थ्यांसाठी त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक दीर्घकाळ वापरात होते. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना उदाहरण मांडण्याची, पायरीपायरीने सोडविण्याची आणि शेवटी ताळा करून पाहण्याची जी सवय त्यांनी लावली, तीच सवय पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात सरकारच्या अर्थसंकल्पाला प्रश्न विचारताना त्यांच्या कामी आली.

कागल आणि कोल्हापूरचे दिवस

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल येथे नोकरीस होते. घरची स्थिती बेताची होती. गोपाळ आणि त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांना इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरला ठेवण्यात आले. १८७९ मध्ये कृष्णरावांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचे होते. गोविंदरावांनी शिक्षण सोडून कागलला नोकरी धरली. त्यांना महिना १५ रुपये पगार मिळे आणि त्यांतून ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत. निम्म्याहून अधिक पगार एका विद्यार्थ्यावर खर्च होत होता आणि उरलेल्या ७ रुपयांत कुटुंबाचा चरितार्थ चालवायचा होता. या हिशेबाची जाणीव गोपाळला फार लवकर झाली. दिव्याचे तेल वाचविण्यासाठी त्यांनी रस्त्यावरील दिव्याखाली बसून अभ्यास केल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात.

त्यांच्या शालेय जीवनातील एक प्रसंग अनेक चरित्रांतून सांगितला जातो. शिक्षकांनी घरी सोडवून आणण्यासाठी गणिताची काही उदाहरणे दिली होती. दुसऱ्या दिवशी सर्व उत्तरे बरोबर असलेला विद्यार्थी एकच निघाला, तो गोपाळ. शिक्षकांनी त्याचे कौतुक करून त्याला वर्गात वरचा क्रमांक देऊ केला. त्यावर गोपाळच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांतील एक उदाहरण आपण दुसऱ्याच्या साहाय्याने सोडविले आहे, त्यामुळे हा मान आपला नव्हे, असे त्याने शिक्षकांना सांगितले. ही कथा मुलांना बोधकथा म्हणून सांगितली जाते. गोखले यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले असता तिचा अर्थ अधिक खोल वाटतो, कारण उत्तर बरोबर असणे आणि ते आपल्या आधारावर सिद्ध करता येणे या दोन गोष्टींतील भेद त्यांना जन्मभर महत्त्वाचा वाटला.

संपूर्ण प्रांताची एक परीक्षा

त्या काळी माध्यमिक शिक्षणाची अखेर मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेने होत असे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये विद्यापीठाने पहिली मॅट्रिक परीक्षा घेतली. उत्तीर्ण झालेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे यांचा समावेश होता. सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्यातील विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवीत. विद्यार्थी कोणत्या गावचा, कोणत्या शाळेचा किंवा कोणत्या घरचा आहे, याला उत्तरपत्रिकेत स्थान नव्हते. महाविद्यालयाचा दरवाजा आणि बऱ्याच अंशी सरकारी नोकरीचा मार्ग याच परीक्षेतून जात असे. गरीब घरातील हुशार मुलासाठी ती मोठी संधी होती, तसेच एका प्रयत्नात सारे काही पणाला लावणारे ते संकटही होते. गोपाळच्या बाबतीत तर भावाने सोडलेले शिक्षणही त्या उत्तरपत्रिकेवर पणाला लागलेले होते. १८८१ मध्ये गोपाळ गोखले ही परीक्षा उत्तीर्ण झाले.

या परीक्षेच्या वाटेवरचे अंकगणित आजच्या विद्यार्थ्याला अवघड वाटेल असे होते. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, मणाचे ४० शेर, शेराचे १६ छटाक ही कोष्टके तोंडपाठ असावी लागत. त्यांच्याबरोबर इंग्लंडचे चलनही यावे लागे. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स होत. दशमान पद्धती नसल्याने साध्या बेरजेतही प्रत्येक स्तंभाचा हातचा वेगळ्या संख्येने धरावा लागे. मराठी शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी यांचे पाठांतर करून घेतले जाई, त्यामुळे बाजारातील हिशेब तोंडी करता येत. इंग्रजी शाळेत गेल्यावर त्याच ज्ञानाला त्रैराशिक, अपूर्णांक, सरळ व्याज, चक्रवाढ व्याज, नफा-तोटा आणि हुंडणावळीची जोड मिळे. रुपयाचे पौंडात आणि पौंडाचे रुपयात रूपांतर करण्याची उदाहरणे त्या काळच्या विद्यार्थ्याला नवी नव्हती. या उदाहरणांत एका साम्राज्याचा व्यवहार दडलेला आहे, हे मात्र वर्गात फारसे कोणी सांगत नसे.

मॅट्रिकनंतर गोखले यांनी कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे काही काळ शिक्षण घेतले. शेवटच्या वर्षी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गणित हा विषय घेऊन १८८४ मध्ये ते बी. ए. झाले, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते.

न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षक

पदवीधर तरुणाला त्या काळी सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन मार्ग खुले असत. भावाचे ऋण फेडण्याच्या दृष्टीने तेच व्यवहार्य होते. गोखले यांनी मात्र जानेवारी १८८५ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर शिक्षकाची नोकरी पत्करली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी १८८० मध्ये ही शाळा सुरू केली होती. पुढे तिला गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. पगाराला जोड म्हणून गोखले सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या उमेदवारांनाही शिकवीत. कायद्याचा अभ्यासही त्यांनी सुरू केला होता.

टिळक आणि आगरकर यांच्या सहवासाने त्यांचा कल बदलला. १८८६ मध्ये गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची ही प्रतिज्ञा होती. आजीव सदस्याला महिना ७५ रुपये वेतन आणि निवृत्तीनंतर ३० रुपये निवृत्तिवेतन मिळे. घरच्या मंडळींनी ज्या उत्पन्नाची अपेक्षा धरली होती, तिच्यावर यामुळे पाणी सोडावे लागले. तरीही गोविंदरावांनी अखेर धाकट्या भावाच्या या निर्णयाला संमती दिली.

गोखले यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले. १८९० मध्ये गणिताचे प्राध्यापक असलेल्या टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिल्यानंतर गणिताच्या अध्यापनाचा भारही काही काळ त्यांच्यावर आला. प्रत्येक तासाची काटेकोर तयारी हा त्यांचा विशेष होता. उत्स्फूर्त वक्तृत्वावर त्यांचा विश्वास नव्हता. पाठ्यपुस्तकाची पाने मुखोद्गत होईपर्यंत वाचणारे प्राध्यापक म्हणून विद्यार्थी त्यांना ओळखत. ते फर्ग्युसनमध्ये शिकवीत असतानाच्या काळात तेथून बाहेर पडलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत संयुक्तपणे पहिला क्रमांक मिळवून सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होते. इंग्लंडमधील सर्वांत कठीण मानल्या गेलेल्या परीक्षेत हे यश मिळाल्याने भारतीय विद्यार्थ्यांच्या कुवतीविषयीच्या अनेक शंका एका निकालाने दूर झाल्या.

अंकगणिताचे पुस्तक

न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवीत असताना गोखले आणि त्यांचे सहकारी एन. जे. बापट यांनी मिळून अंकगणिताची उदाहरणे संकलित केली. टिळकांनी या कामाचे मोल ओळखून त्याचा पुरस्कार केला, असे चरित्रकार सांगतात. शाळेसाठी तयार झालेले हे पुस्तक पुढे मॅकमिलन या प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केले. त्याचा प्रसार महाराष्ट्राबाहेरच्या शाळांतही झाला आणि भारतीय भाषांतून त्याची रूपांतरे निघाली. राजकारणातील गोखले ज्यांना ठाऊकही नव्हते, अशा असंख्य मुलांनी त्यांच्या नावाच्या पुस्तकातून परीक्षेची तयारी केली. सार्वजनिक कार्यासाठी वेतनावर पाणी सोडणाऱ्या गोखले यांना या पुस्तकाच्या मानधनाचा नियमित आधार मिळत राहिला.

परीक्षेसाठी लिहिलेल्या अशा पुस्तकांकडे विद्वान मंडळी सहसा कमीपणाने पाहतात. घोकंपट्टी आणि क्लृप्त्या यांचा शिक्का त्यांच्यावर बसतो. तथापि सराव हा अंकगणिताचा प्राण आहे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. रीत एकदा समजली म्हणजे विषय आला असे होत नाही. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी उदाहरणे एकामागून एक सोडविली की रीत हातात बसते आणि अपरिचित प्रश्न समोर आला तरी विद्यार्थी गोंधळत नाही. ज्या गावात चांगला शिक्षक नाही, तेथील विद्यार्थ्याला क्रमवार उदाहरणांच्या संग्रहाचा आधार असतो. आपले उत्तर चुकले की बरोबर आले, हे त्याला कोणाच्या मर्जीवाचून पडताळून पाहता येते.

रानडे यांच्या हाताखाली

१८८७ च्या सुमारास गोखले यांचा न्यायमूर्ती रानडे यांच्याशी निकटचा संबंध आला आणि १९०१ मध्ये रानडे यांचे निधन होईपर्यंत सुमारे चौदा वर्षे तो टिकला. रानडे यांच्याकडे त्यांना नियमितपणे जावे लागे. सरकारी अहवाल वाचणे, त्यांतील आकडे काढणे, त्यांची तुलना करणे आणि त्यांवरून निवेदनाचा मसुदा तयार करणे, असे हे शिक्षण होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादनही गोखले यांच्याकडे आले. रानडे यांच्याइतकीच मदत त्यांना सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांच्याकडून झाली. जोशी हे शाळेचे मुख्याध्यापक होते आणि सरकारी हिशेबांतील आकडेवारीवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. गोखले यांच्या अनेक महत्त्वाच्या भाषणांमागे जोशी यांनी केलेल्या तक्त्यांचे आणि टिपणांचे परिश्रम होते.

लंडनची साक्ष आणि जाहीर माफी

भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी १८९७ मध्ये गोखले इंग्लंडला गेले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दिनशा वाच्छा आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीदार होते. तिशीतील गोखले यांनी एप्रिलमध्ये दिलेली साक्ष आणि उलटतपासणीला दिलेली उत्तरे यांनी जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. प्रत्येक विधानाला आकड्याचा आधार होता.

त्याच मुक्कामात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. पुण्यात प्लेगची साथ होती आणि बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांचा वापर होत होता. सैनिकांच्या वर्तनाबद्दलचे गंभीर आरोप पुण्याहून आलेल्या पत्रांतून गोखले यांना कळले आणि ते त्यांनी इंग्लंडमधील वृत्तपत्रांतून जाहीर केले. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि वातावरण एकदम तापले. सरकारने आरोपांचा पुरावा मागितला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केल्यास त्यांच्यावर आपत्ती येणार होती, आणि त्यांच्या साक्षीवाचून आरोप सिद्ध करता येत नव्हते. मायदेशी परतल्यावर गोखले यांनी माहिती देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवली आणि स्वतः बिनशर्त जाहीर माफी मागितली. या माफीवर त्यांच्या देशबांधवांनीही कडक टीका केली. सरकारपुढे नमते घेतल्याचा ठपका त्यांच्यावर पुढे अनेक वर्षे राहिला. त्या दिवसांत त्यांनी प्लेगग्रस्तांच्या सेवेचे काम पत्करले. आपल्याला सिद्ध करता येत नाही ते विधान मागे घ्यावे, हा त्यांचा निर्णय योग्य होता की नाही याविषयी मतभेद राहिले. त्यानंतर मात्र पडताळून न पाहिलेला आकडा किंवा आरोप त्यांनी कधी मांडला नाही.

शिलकेचा प्रश्न

१८९९ मध्ये गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ मध्ये फिरोजशहा मेहता यांनी मोकळ्या केलेल्या जागी त्यांची मध्यवर्ती कायदेमंडळावर निवड झाली. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी अर्थसंकल्पावरील आपले पहिले भाषण केले. त्या काळी सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, परंतु मतदान करता येत नसे. सरकारी तिजोरीत सतत काही वर्षे शिल्लक पडत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. याच काळात देशाने भीषण दुष्काळ आणि प्लेग सोसला होता.

गोखले यांनी शिलकेचे उगमस्थान दाखवून दिले. भारत सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत चुकती करावी लागे. १८९४-९५ मध्ये रुपयाचा भाव सुमारे १३ पेन्सपर्यंत उतरला होता. म्हणजे २४० पेन्सचा एक पौंड पाठविण्यासाठी १८ रुपयांहून अधिक लागत होते. हा बोजा भरून काढण्यासाठी जनतेवर कर वाढविण्यात आले. पुढे टांकसाळींच्या धोरणामुळे रुपया १६ पेन्सवर स्थिर झाला आणि त्याच पौंडाला १५ रुपये पुरू लागले. एक कोटी पौंड पाठविताना तीन कोटींहून अधिक रुपये वाचले, हे त्रैराशिकाने कोणालाही काढता येण्यासारखे आहे. बोजा उतरला, पण तो उचलण्यासाठी बसविलेले कर तसेच राहिले. तिजोरीतील शिल्लक याच तफावतीतून आली असून ती रयतेच्या सुबत्तेची खूण मानता येणार नाही, असे गोखले यांचे प्रतिपादन होते. मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराची मर्यादा वाढवावी, कापडावरील अबकारी कर काढून टाकावा आणि लष्करी खर्चाला आळा घालावा, अशा मागण्या त्यांनी केल्या.

मिठाचा कर हे या मांडणीतील सर्वांना समजणारे उदाहरण होते. १८८८ मध्ये तो मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. अडीच रुपयांचे ४० आणे आणि मणाचे ४० शेर, म्हणजे शेरामागे एक आणा कर. हा आणा जमीनदाराला आणि त्याच्या शेतावरच्या मजुराला सारखाच द्यावा लागे. १९०३ मध्ये हा कर दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया करण्यात आला. शेरामागचा एक आणा पाच पैंहून खाली आला. १९०३ मध्येच प्राप्तिकरासाठी किमान उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर नेण्यात आली. या सवलतींचे सारे श्रेय एका व्यक्तीला देता येणार नाही. तरी मताचा अधिकार नसलेल्या सभागृहात बिनचूक हिशेबाने सरकारला उत्तर देण्यास भाग पाडता येते, हे गोखले यांनी दाखवून दिले. पुढील वर्षांत अर्थसंकल्पावरील त्यांच्या भाषणाची देशभर प्रतीक्षा केली जाऊ लागली.

परीक्षा कोठे घ्यावी

१९०२ मध्ये गोखले फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी रँग्लर परांजपे यांनी प्राचार्यपदाची सूत्रे घेतली. १२ जून १९०५ रोजी गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ते बनारस येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांनी तेथील भारतीयांचा आणि गांधीजींच्या लढ्याचा प्रश्न जवळून पाहिला.

त्याच वर्षी भारतातील सार्वजनिक सेवांच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाचे ते सदस्य झाले. सनदी सेवेची परीक्षा सर्वांना खुली असली, तरी ती लंडनमध्येच होई. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर यांनी या परीक्षेत यश मिळविले, परंतु त्यांच्या वाटेने जाणाऱ्यांची संख्या फार थोडी राहिली. प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी होती, पण तिथवर पोहोचण्याचा खर्च सारखा नव्हता. समुद्रप्रवास, इंग्लंडमधील वास्तव्य आणि तेथील तयारी यांचा खर्च पेलणे सामान्य भारतीय घराला शक्य नव्हते. वयोमर्यादा एके काळी १९ वर्षांपर्यंत खाली आणल्याने हा अडसर अधिकच उंच झाला होता. परीक्षा भारतात आणि इंग्लंडमध्ये एकाच वेळी घ्यावी, ही काँग्रेसची १८८५ पासूनची मागणी होती. १८९३ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेने तसा ठरावही केला होता, परंतु त्याची अंमलबजावणी झाली नाही. ८ रुपयांवर महिना काढून परीक्षा दिलेल्या गोखले यांनी आयोगात हीच बाजू धरली. आयोगाचे काम सुरू असतानाच त्यांची प्रकृती ढासळली. ही परीक्षा भारतात प्रथम १९२२ मध्ये अलाहाबाद येथे घेण्यात आली.

शाळेबाहेरची मुले

परीक्षेला बसणाऱ्यांपेक्षा शाळेची पायरीही न चढलेल्या मुलांची संख्या कितीतरी मोठी होती. १९११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभरांपैकी सुमारे सहाच व्यक्ती साक्षर होत्या. गोखले यांनी मार्च १९१० मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्यास आरंभ करावा, असा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी त्यासाठी विधेयक सादर केले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला होता. एका भारतीय संस्थानिकाला जे साधले, ते ब्रिटिश सरकारला का साधू नये, असा गोखले यांचा सवाल होता.

विधेयकाची मांडणी अत्यंत सावध होती. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांपासून आरंभ करावयाचा होता. मुलींसाठी सक्ती पुढच्या टप्प्यावर ठेवली होती. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथेच आणि स्थानिक संस्थेने सरकारच्या मंजुरीने ठरविले तरच सक्ती लागू होणार होती. महिना दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकाला फी माफ होती. खर्चाचा हिशेबही गोखले यांनी उदाहरणासारखा मांडला. या वयाचे सुमारे सव्वा कोटी मुलगे, प्रत्येकी वर्षाला ५ रुपये, म्हणजे सव्वासहा कोटी रुपये. त्यांतून होत असलेला खर्च वजा जाता सुमारे साडेचार कोटींची भर घालावी लागणार होती. त्यांपैकी दोन-तृतीयांश, म्हणजे तीन कोटी रुपयांचा वाटा सरकारने उचलावा आणि तोही दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने, असा हा प्रस्ताव होता.

आकड्यांत दोष काढण्याऐवजी विरोधकांनी काळ योग्य नसल्याचे कारण पुढे केले. सरकारी सदस्यांबरोबर काही भारतीय सदस्यही विरोधात गेले. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पराभव होणार हे गोखले यांना ठाऊक होते. प्रत्येक पिढीने आपल्या वाट्याचे काम करावे, त्यातील काही कामे अपयशातूनच पुढे सरकतात, अशी त्यांची धारणा होती.

अखेरचे दिवस आणि वारसा

मधुमेहाने आणि अविश्रांत श्रमाने गोखले यांचे शरीर थकले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या वयाची ४९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गांधीजी आफ्रिकेतून भारतात परतून सव्वा महिनाच लोटला होता. १९३० मध्ये पुण्यात गोखले यांच्या नावाने अर्थशास्त्राच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक झाले. सरकारी आकडे तपासून पाहण्याची गोखले यांची परंपरा तेथे अभ्यासाचा विषय बनली.

फेटाळल्या गेलेल्या विधेयकाचा प्रवासही थांबला नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यसंस्थेपुढे ठेवले. २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत आला. त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखले यांच्या विधेयकावरील मतदानाला तेव्हा ९८ वर्षे झाली होती.